रोझारिओ, पॅट्रिशिया

रोझारिओ, पॅट्रिशिया : (१९६० –        ). पाश्चात्त्य अभिजात संगीतातील भारतीय वंशाच्या ब्रिटिश सोप्रॅनो गायिका व अध्यापिका. त्यांचा जन्म मुंबई येथे गोमंतकीय मूळ असलेल्या ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडन येथे उच्च शिक्षण घेऊन त्यांनी संगीतिका, ऑरेटोरिओ व कलागीत या तिन्ही क्षेत्रांत नाव मिळविले. तथापि त्यांची खरी ख्याती आहे ती समकालीन रचनाकारांच्या नव्या कृती प्रथम गाणाऱ्या गायिका म्हणून. इंग्रज रचनाकार जॉन टॅव्हनर (१९४४–२०१३) यांनी तीसहून अधिक कृती त्यांच्या आवाजासाठी लिहिल्या. एका रचनाकाराने एकाच कंठासाठी इतके लेखन केल्याची उदाहरणे आधुनिक पाश्चात्त्य संगीतात फार थोडी आहेत.

सोप्रॅनो ही स्त्रीकंठाची सर्वांत उंच जाती होय. तिचा सर्वसाधारण पल्ला पियानोच्या मधल्या ‘सी’ स्वरापासून वर दोन सप्तकांचा मानतात. भारतीय गायक आपल्या गळ्याला मानवेल तो षड्ज धरून गातो. त्यामुळे आवाजाच्या जातींचे असे काटेकोर वर्गीकरण करण्याची गरज आपल्याकडे भासली नाही. पाश्चात्त्य संगीतिकेत मात्र प्रत्येक स्वराची उंची रचनाकाराने लिहून पक्की केलेली असते व वाद्यवृंद ती बदलून देत नाही. म्हणून आपला आवाज कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे व त्या जातीच्या भूमिकांपुरते राहणे, हा तेथील गायकाचा पहिला व्यवहारधर्म ठरतो. ध्वनिवर्धकाविना मोठ्या प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविणे हा दुसरा. सोप्रॅनोच्या बाबतीत यात एक नैसर्गिक अडचण आहे. मुखाच्या पोकळीत ‘इ’ किंवा ‘उ’ या स्वरवर्णांचा पहिला अनुनाद सु. ३०० हर्ट्‌झच्या आसपास असतो. गायिका ८८० हर्ट्‌झचा उंच ‘ए’ गाऊ लागली, की मूळ नादच त्या अनुनादाच्या पुष्कळ वर जातो आणि सारे स्वरवर्ण ‘आ’काराकडे झुकू लागतात. उंच स्वरात शब्द कळत नाहीत अशी श्रोत्यांची तक्रार जुनी आहे. तिचे कारण पुष्कळदा गायिकेचा निष्काळजीपणा नसून ध्वनिशास्त्र हे असते. जबडा व ओठ किती उघडावेत आणि शब्दाचा किती अंश वाचवावा, हे शिकण्यात कित्येक वर्षे जातात.

विसाव्या शतकातील रचनाकारांनी या परंपरागत आवाजाकडून निराळ्याच अपेक्षा केल्या. आर्नोल्ट शनबेर्क याने प्येरो ल्यूनेर (१९१२) या कृतीत बोलणे व गाणे यांच्या मधली एक उच्चारपद्धती योजिली. लुचानो बेरिओने अमेरिकन गायिका कॅथी बर्बेरिअन हिच्यासाठी लिहिलेल्या कृतींत हसणे, कुजबुज, जिभेचे आवाज हेही संगीताचे द्रव्य बनले. इंग्लंडमध्ये जेन मॅनिंग (१९३८–२०२१) यांनी शेकडो नव्या रचना प्रथम गाऊन या प्रकारच्या गायनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. अशा गायिकेला कृतीचे पूर्वीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नसते, ऐकून शिकण्याजोगा गुरुमुखाचा नमुनाही नसतो. कागदावरील स्वरलेखन आणि शक्य असल्यास रचनाकाराशी बोलणे, एवढाच तिचा आधार. म्हणून समकालीन संगीत गाणारी गायिका ही केवळ सादर करणारी राहत नाही. कृती गाण्याजोगी आहे की नाही हे तिच्या गळ्यावर ठरते आणि पुढच्या गायिका ती कशी गातील हेही काही अंशी तीच ठरविते.

मुंबईत अशी गायिका निपजावी आणि तिला मुंबई सोडावी लागावी, या दोन्ही गोष्टींची कारणे शहराच्या संगीतजीवनात सापडतात. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील पॅरिश शाळांतून मुलांना स्वरलिपिवाचन, व्हायोलिन व चर्चमधील समूहगान शिकविले जाई. उदरनिर्वाहासाठी मुंबईस आलेल्या गोमंतकीयांनी ही विद्या बरोबर आणली. धोबी तलाव, गिरगाव, माझगाव या भागांतील त्यांच्या कूडांमधून आणि दादरच्या पोर्तुगीज चर्चसारख्या देवालयांच्या गायकवृंदांतून ती टिकून राहिली. पारशी समाजातही पाश्चात्त्य संगीताची आवड मुरलेली होती. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा हा वाद्यवृंद उभा केला. व्हिक्टर परंज्योती यांच्या नावाने ओळखला जाणारा समूहगायकांचा वृंद विसाव्या शतकाच्या मध्यापासून गात आला. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आणि रॉयल स्कूल्सच्या परीक्षांना शहरातील मुले नियमाने बसत. मुलाने पियानोची आठवी इयत्ता पार करणे ही कित्येक घरांत मॅट्रिकइतकीच अभिमानाची बाब होती.

परंतु यातून व्यवसाय उभा राहिला तो वादकांचा. दादरचा रणजित स्टुडिओ, परळचे राजकमल कलामंदिर यांसारख्या चित्रपटसंस्थांच्या परिसरात वाढलेल्या चित्रपटसंगीताला स्वरलिपी वाचणारे व्हायोलिनवादक, ट्रंपेटवादक आणि वाद्यमेळ लिहून देणारे संयोजक हवे होते. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट आदी गोमंतकीयांनी ती गरज भागविली. सोप्रॅनो आवाजाला मात्र तेथे काम नव्हते. चित्रपटगीताचा कंठ हिंदुस्थानी संगीताच्या संस्कारातला होता, ध्वनिवर्धकाच्या जवळ उभे राहून गाण्याचा होता. संगीतिकेच्या पद्धतीने घडविलेला आवाज त्यात परका वाटला असता. समूहगायनात सोप्रॅनोंची रांग असे, पण ते हौशी गायन. कायम स्वरूपाची संगीतिकामंडळी शहरात नव्हती. त्यामुळे व्हायोलिन वाजविणारा तरुण मुंबईत राहून संसार करू शके. एकल गायनाची आकांक्षा धरणाऱ्या तरुणीला परदेशी जाण्याखेरीज दुसरी वाट नसे. (वाद्यवृंदाचे संचालन शिकण्यासाठी झुबिन मेहता यांनाही १९५४ मध्ये व्हिएन्ना गाठावे लागले, हे येथे लक्षात घ्यावे.)

रोझारिओ यांनी लंडनच्या गिल्डहॉल स्कूल ऑफ म्यूझिक अँड ड्रामा या संस्थेत प्रवेश घेतला. तेथे वाल्टर ग्रूनर हे त्यांचे गुरू होते. जर्मन कलागीत हा ग्रूनर यांचा खास विषय. कलागीतात काव्याचा प्रत्येक शब्द तोलून गावा लागतो. या संस्थेचे सुवर्णपदक रोझारिओ यांना मिळाले. पुढे मॅगी टेट पारितोषिकही त्यांनी जिंकले. डेब्यूसीची गीते गाण्यात ख्याती पावलेल्या इंग्रज गायिकेच्या नावाचे हे पारितोषिक फ्रेंच गीतगायनाशी निगडित आहे. जर्मन व फ्रेंच या दोन्ही भाषांतील गीतगायनाची ही बैठक त्यांच्या पुढील वाटचालीत फार उपयोगी पडली. रंगभूमीवर मोट्सार्टच्या संगीतिका, तसेच बरोक काळातील कृती त्यांनी गायिल्या. सर गेऑर्ग शोल्टी, जॉन इलियट गार्डिनर, रिचर्ड हिकॉक्स अशा वाद्यवृंद-संचालकांबरोबर त्यांचे कार्यक्रम झाले. पियानोवादक मार्क ट्रूप हे त्यांचे पती; एकल गायनाच्या मैफलींत साथ पुष्कळदा त्यांचीच असते.

जॉन कॅस्केन या रचनाकाराच्या गोलेम या संगीतिकेचा पहिला प्रयोग लंडनच्या आल्मेडा नाट्यगृहात १९८९ मध्ये झाला. मातीचा मनुष्य घडवून त्यात प्राण ओतणाऱ्या यहुदी धर्मगुरूची ही कथा. तीतील मिरिअम ही भूमिका रोझारिओ यांनी केली. समकालीन संगीताच्या क्षेत्रात त्यांच्याकडे लक्ष वेधले गेले ते अशा कामांमुळे.

टॅव्हनर यांच्याशी त्यांचा कलासंबंध जुळला तो या सुमारास. टॅव्हनर १९७७ मध्ये रशियन ऑर्थोडॉक्स पंथात आले होते आणि त्यांचे संगीत क्रमाने युरोपीय स्वरमेळाकडून दूर, पूर्वेकडील धर्मगायनाकडे वळत होते. बायझंटिन गायनात ‘आयसन’ नावाचा एक मंद्र स्वर अखंड धरलेला असतो व त्यावर मुख्य धून फिरत राहते. तंबोऱ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या मराठी श्रोत्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. अशा संगीतात वाद्यवृंदाचा गजबजाट नसतो, लपायला जागा नसते; अखंड षड्जासारख्या स्वरावर गायिकेचा सूर केसभर ढळला तरी कळतो. टॅव्हनर यांच्या लेखनात एकाच अक्षरावर लांबत जाणारी वळणे, स्वराच्या कडेला स्पर्श करून परतणाऱ्या हरकती, अतिशय उंचावर अतिशय हळू धरायचे दीर्घ स्वर यांची रेलचेल आहे. संगीतिकेत भारदस्त गणला जाणारा सतत कंप येथे चालत नाही. रोझारिओ यांच्या आवाजात उजळ, सरळ, काहीसा पौर्वात्य वाटणारा नाद आहे आणि बारीक वळणे सहज घेण्याची चपळाई आहे. हे गुण युरोपीय शिक्षणाने दिलेले की मुंबईत कानांवर पडत राहिलेल्या गाण्याचे, याचा निवाडा करणे कठीण. त्यांनी हिंदुस्थानी संगीताची रीतसर तालीम घेतलेल्या गायिकेसारखे गावे, अशी रचनाकाराची अपेक्षा नव्हती. पश्चिमेची स्वरलिपी अचूक वाचणारा पण पश्चिमेचा शिक्का न बसलेला कंठ त्याला हवा होता, आणि तो येथे सापडला, एवढे मात्र म्हणता येते.

मेरी ऑफ ईजिप्त (१९९२) ही या सहकार्यातील पहिली मोठी कृती. आल्डबरा महोत्सवात ती प्रथम सादर झाली. अलेक्झांड्रियातील एक वारांगना पश्चात्ताप पावून यॉर्डन नदीपलीकडच्या वाळवंटात तप करीत आयुष्य घालविते, अशी ही ख्रिस्ती संतकथा असून तिची संहिता मदर थेक्ला या ऑर्थोडॉक्स जोगिणीने लिहिली आहे. नाट्यपूर्ण संघर्ष तीत जवळजवळ नाही. रचनाकाराला ती रंगमंचावरील एक धर्मचित्र म्हणून अभिप्रेत होती. प्रयोगावर संमिश्र टीका झाली. संथपणाचा कंटाळा आलेले टीकाकार होते, तसेच तिच्या निश्चलतेने भारावलेलेही होते. शीर्षकभूमिका रोझारिओ यांची. कथा पुढे सरकत नसताना प्रेक्षकाला धरून ठेवण्याचे सारे काम अशा कृतीत आवाजावर येऊन पडते.

त्यानंतरच्या ॲख्मातोवा साँग्ज (१९९३) या सहा गीतांच्या मालेत आना ॲख्मातोवा हिच्या रशियन कविता असून साथीला केवळ एक चेलो आहे. रोझारिओ व चेलोवादक स्टीव्हन इसर्लिस यांच्यासाठी ती लिहिली गेली. पुढे टॅव्हनर यांनी तिचे तंतुवाद्य-चतुष्टयासाठीही रूपांतर केले. टॅव्हनर यांच्या प्रचंड कृतींपेक्षा ही छोटी मालाच अधिक टिकेल, असे मानण्यास जागा आहे. तीत शब्दाला सूर लागलेला आहे, सुराखाली शब्द दडपलेला नाही. लंडनच्या प्रॉम्स संगीतमहोत्सवातील अपॉकॅलिप्स (१९९४), विल्यम ब्लेकच्या शब्दांवरील व राजकन्या डायाना हिच्या स्मृतीस अर्पण केलेली इटर्निटीज सनराइझ आणि ४ जानेवारी २००० रोजी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये झालेली फॉल अँड रेझरेक्शन या कृतींतही त्या एकल गायिका होत्या.

द व्हेल ऑफ द टेंपल (२००३) ही कृती या साऱ्यांहून निराळी. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये २७ जूनच्या रात्री सुरू झालेले हे रात्रजागर पहाटेपर्यंत, सु. सात तास चालले. आठ आवर्तनांत विभागलेल्या या रचनेत ऑर्थोडॉक्स प्रार्थनांबरोबर इस्लामी व हिंदू धर्मग्रंथांतील शब्द येतात. तिबेटी शिंगे, आर्मेनियन दुदुक, भारतीय बाजाची पेटी यांचा वापर होतो आणि शेवटच्या आवर्तनात उपनिषदांच्या संस्कृत शब्दांपर्यंत संगीत पोहोचते. रात्रभर चालणाऱ्या भजनाची व कीर्तनाची सवय असलेल्या समाजाला ही कल्पना नवी नाही. लंडनच्या श्रोत्यांना ती अपूर्व वाटली. सोप्रॅनोचा भाग रोझारिओ यांनी गायिला. इतका वेळ आवाज ताजा राखणे म्हणजे मधल्या शांततेचाही हिशेब ठेवणे होय. टॅव्हनर यांच्याखेरीज एस्टोनियन रचनाकार आर्व्हो पॅर्ट यांनीही रोझारिओ यांच्या आवाजासाठी लेखन केले आहे.

गायनाइतकाच अध्यापनाचा भाग त्यांच्या कारकीर्दीत महत्त्वाचा आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिक या संस्थेत त्यांनी गायनाचे अध्यापन केले. नवे संगीत शिकविणे म्हणजे विचित्र आवाज काढावयास शिकविणे, असा एक गैरसमज विद्यार्थ्यांत असतो. वास्तविक श्वासावर आधारलेला सरळ सूर, दोन सप्तकांत न तुटणारी आवाजाची ओळ आणि स्वरवर्णांची शुद्धता हा जुनाच पाया त्याला लागतो. तो नसेल तर आधुनिक कृती काही वर्षांत गळा मोडून टाकते. पायावर कान हवा. पुढचा स्वर कोणता हे सवयीने सुचत नाही अशा ओळीत अंतर नेमके पकडणे, हे गळ्याचे नव्हे तर कानाचे काम असते.

भारतात या पायाचीच वाण होती. येथे आवाज चांगले, कानही तयार. पण एकल गायनाचे शिक्षक मोजके आणि पाश्चात्त्य गायनाला लागणारा पियानोचा साथीदार त्याहून दुर्मीळ. परीक्षेच्या ठरीव गीतांपुरते शिकून विद्यार्थी थांबत. रोझारिओ व ट्रूप यांनी २००९ मध्ये ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ हा उपक्रम सुरू केला. मुंबई, गोवा व भारतातील अन्य शहरांत येऊन, आवाज ऐकून निवडलेल्या तरुणांना काही दिवसांची सलग शिकवणी द्यावयाची, त्यांची मैफल करावयाची आणि पुन्हा काही महिन्यांनी येऊन प्रगती पाहावयाची, असे त्याचे स्वरूप होते. शिकवणीच्या वेळी पियानोवर ट्रूप असत, ही गोष्ट लहान नव्हे. साथ ऐकत, तिच्याशी बोलत गाण्याचा अनुभव कित्येकांना तेथेच प्रथम मिळाला. त्यांपैकी काही विद्यार्थी पुढे ब्रिटनमधील संगीतसंस्थांत दाखल झाले. गुरूच्या घरी राहून रोज कानावर पडणाऱ्या तालमीची जागा अशी अधूनमधूनची शिकवणी घेऊ शकत नाही, हा या पद्धतीचा उघड दोष होय. मधल्या महिन्यांत विद्यार्थ्याने चुकीची सवय पक्की केली, तर पुढची भेट ती मोडण्यात जाते. शिवाय उत्तम विद्यार्थी परदेशी गेला की त्याचा लाभ शहराला होत नाही. पूर्वी त्या ज्या वाटेने गेल्या तीच वाट त्यांचे विद्यार्थी धरतात, फक्त अधिक तयारीने.

या संदर्भात गिरगावलगतच्या रॉयल ऑपेरा हाउसचा उल्लेख अवश्य आहे. चर्नी रोडजवळच्या या वास्तूचे उद्‌घाटन राजे पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते १९११ मध्ये झाले. नाव संगीतिकेचे असले, तरी तेथे संगीतिका फार काळ नांदली नाही. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांची गाणी, पृथ्वीराज कपूर यांची नाटके त्या रंगमंचावर झाली. पुढे ते चित्रपटगृह बनले आणि १९९३ मध्ये बंद पडले. आसपासच्या वस्तीला ‘ऑपेरा हाउस’ हे नाव मात्र कायमचे चिकटले. बसच्या तिकिटावर आणि हिऱ्यांच्या बाजारात ते रोज उच्चारणाऱ्या हजारो लोकांना त्या शब्दाचा अर्थ जाणून घेण्याचे कधी कारण पडले नाही. जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये हे नाट्यगृह पुन्हा उघडले, तेव्हा तेथे गाण्यासाठी रोझारिओ यांना पाचारण करण्यात आले. पियानोवर ट्रूप होते. पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, गिव्हिंग व्हॉइस सोसायटीने चिमारोझा याची इल मात्रिमोनिओ सेग्रेतो ही विनोदी संगीतिका भारतीय गायकांना घेऊन त्याच रंगमंचावर सादर केली. ही संगीतिका १७९२ मध्ये व्हिएन्नात प्रथम झाली, तेव्हा सम्राट दुसरा लिओपोल्ट याने कलावंतांना भोजन देऊन ती संपूर्ण पुन्हा करावयास लावली, अशी आख्यायिका आहे. निवड विचारपूर्वक केलेली दिसते : सहाच पात्रे, समूहगान नाही, कोणत्याही एका आवाजावर न पेलणारा भार नाही, आणि सर्वांना गाण्याची समान संधी. लंडनला न जाता पूर्ण संगीतिकेत भूमिका करण्याची संधी त्या गायकांना या प्रयोगाने दिली.

ब्रिटिश शासनाने २००१ मध्ये ओ. बी. ई. हा किताब देऊन रोझारिओ यांचा गौरव केला. रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकचे सन्माननीय सदस्यत्वही त्यांना लाभले. टॅव्हनर यांच्या मेरी ऑफ ईजिप्त, ॲख्मातोवा साँग्ज, इटर्निटीज सनराइझ इ. कृतींची त्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे उपलब्ध असून नव्याने त्या कृती हाती घेणाऱ्या गायिका प्रथम तीच ऐकतात.